मुलगा दहा आठवड्यांनी तेकोंगला चाललाय, काय तयारी करू?

ताई, तुमचं पत्र लांब आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही पुण्याहून सिंगापूरला येऊन बारा वर्षं झाली, घरातल्या सगळ्यांना पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवास, आहे. मुलगा बारावी झाला, एनटीयूत, म्हणजे इथल्या नान्यांग विद्यापीठात, मेकॅनिकलला जागा मिळाली, पण त्याआधी दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा. दहा आठवड्यांनी तो बीएमटीला, म्हणजे लष्कराच्या प्राथमिक प्रशिक्षणाला, तेकोंग बेटावर जाणार. घराण्यात कुणी लष्करात नव्हतं. मुलगा अंगाने बारीक, शाकाहारी, अभ्यासू आणि मितभाषी. ‘त्याला हे झेपेल का, आणि आम्ही काय तयारी करून घेऊ?’ असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ खोडून पुन्हा लिहिली आहे: ‘यातून सुटायचा काही मार्ग आहे का?’

झेपेल. आणि सुटायचा मार्ग नाही.

मी हे कुठून बोलतोय तेही सांगतो. माझे आजोबा साताऱ्याकडचे. तिकडे भरतीच्या दिवशी पोरं पहाटेपासून मैदानाबाहेर रांग लावतात आणि छाती थोडी कमी भरली म्हणून रडत घरी येतात. मी सातव्या वर्षी आईबाबांबरोबर इथे आलो, अठरावं लागलं आणि सरकारचं पत्र दारात आलं. रांग लावावी लागली नाही, पण रांगेतून बाहेर पडायची सोयही नव्हती. जानेवारी २००७ मध्ये मी रिक्रूट म्हणून तेकोंगला गेलो. पुढे सार्जंटचं प्रशिक्षण झालं आणि नेमणूक आली ती परत तेकोंगलाच, या वेळी शिकवणारा म्हणून. तीन तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या. त्यानंतर विद्यापीठ, नोकरी आणि दरवर्षीची रिझर्व्हिस्टची, म्हणजे राखीव सैनिकाची, हजेरी. गेली काही वर्षं ओळखीतल्या मराठी घरांतली मुलं लष्करात दाखल व्हायच्या आधी माझ्याबरोबर धावायला येतात. त्यामुळे आयांचे हे प्रश्न मला पाठ आहेत.

सुटकेचं आधी संपवतो. सिंगापूर १९६५ मध्ये स्वतंत्र झालं तेव्हा त्यांच्याकडे पायदळाच्या जेमतेम दोन बटालियन होत्या. १९६७ मध्ये सक्तीच्या सेवेचा कायदा झाला आणि त्याच वर्षी पहिली मुलं दाखल झाली. नागरिकांची मुलं आणि पीआर कुटुंबांतली दुसऱ्या पिढीतली मुलं, दोघांनाही हा कायदा लागू आहे. म्हणूनच खिशात भारताचा पासपोर्ट असलेला तुमचा मुलगा सिंगापूरच्या गणवेशात उभा राहणार आहे. पदवीसाठी सेवा पुढे ढकलून मिळत नाही, शिक्षण इथे असो की अमेरिकेत. इथल्या विद्यापीठात वैद्यकीयला जागा मिळालेल्या मुलांना बीएमटीनंतर शिक्षणासाठी सोडतात, पण नंतर डॉक्टर म्हणून ती सेवा पुरी करावीच लागते. पीआर सोडून निघून गेलं तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायच्या अर्जावर ते कायमचं लिहिलेलं राहतं. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी काका ‘आमच्या ओळखीत एकाने असं केलं’ म्हणून गोष्ट सांगतील. ऐका, मोदक खा आणि घरी या. एनटीयूची जागा राखून ठेवलेली असते, तिची काळजी नको.

आता मूळ प्रश्न. सगळी घरं तयारी म्हटलं की पळणं आणि पुश-अप धरून बसतात. ते हवंच, त्याबद्दल पुढे लिहितो. पण तीन तुकड्यांत मी जी मुलं खरोखर मोडताना पाहिली, ती पळण्यात मागे पडलेली नव्हती. त्यांतली बरीचशी आपल्या मुलांसारखी होती: हुशार, नीटनेटकी, स्वतःचा पेपर सगळ्यांच्या आधी संपवून हाताची घडी घालून बसणारी.

एक प्रसंग सांगतो. पहिल्या आठवड्यातली संध्याकाळ. एका खोलीत दहा-पंधरा पलंग असतात, तिला तिथे बंक म्हणतात. सार्जंट येऊन सांगतो, पाच मिनिटांत सगळे बदललेल्या पोशाखात खाली रांगेत. एक मुलगा, आपण त्याला अभ्यासू म्हणू, तीन मिनिटांत तयार. चादर ताणलेली, बुटांच्या नाड्या आत खोचलेल्या, पाण्याची बाटली काठोकाठ. तो खाली जाऊन पहिला उभा राहिला. शेजारच्या पलंगावरचा त्याचा ‘बडी’, म्हणजे जोडीदार, कपाटाच्या कुलपाशी झटापट करतोय, किल्ली सापडत नाही, घामाघूम झालाय. तो आठव्या मिनिटाला खाली आला. मग काय, सगळ्या सेक्शनला, म्हणजे त्यांच्या अख्ख्या गटाला, पुश-अप. अभ्यासूच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य मला अजून आठवतं. दंडाचं त्याला काही नव्हतं. ‘मी तर वेळेत आलो होतो’ हे त्याच्या डोळ्यांत होतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तो बडीवर ओरडला. त्यानंतर बंकमधलं कुणी त्याच्याशी धड बोलेना आणि रात्री उशीत तोंड खुपसून तो रडला.

त्याला कुणी आयुष्यात सांगितलंच नव्हतं की स्वतःचं काम संपल्यावर शेजाऱ्याचं धरायचं असतं. शाळेत तर त्याला कॉपी म्हणतात! बीएमटीत वेळ तुमची नसते, ती सगळ्यांची मिळून असते आणि सर्वांत हळू माणसाच्या घड्याळाने चालते. हे ज्याला दुसऱ्या दिवशी कळतं त्याचे नऊ आठवडे बरे जातात. ज्याला पाचव्या आठवड्यापर्यंत कळत नाही, त्याने चाचणीतले २.४ किलोमीटर कितीही जोरात मारले तरी त्याला ते बेट खायला उठतं.

म्हणून दहा आठवड्यांची तयारी घरातून सुरू करा. ताई, तुम्ही रागावू नका, पण तुमच्या पत्रात ‘त्याच्या बॅगा मी भरते’ असं एक वाक्य आहे. उद्यापासून भरू नका. कपडे त्याने धुवायचे, हाताने, बादलीत. वाळवून घडी त्याने घालायची. बाथरूम घासायचं. बेटावर ते रोज करायचंय, त्याला ‘एरिया क्लीनिंग’ म्हणतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा संडास घासणारा मुलगा ब्रश कसा धरतो ते लांबूनही ओळखू येतं. शिवाय आठवड्यातून एकदा तरी अशा मुलांबरोबर फुटबॉल किंवा काहीही खेळायला पाठवा, जी त्याच्या शाळेची नाहीत. तेकोंगला त्याच्या शेजारच्या पलंगावर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, आईवडिलांना मदत करणारा मुलगा असेल, कुणी पॉलिटेक्निकचा असेल, कुणी बारावीच्या आतच शाळा सोडलेला असेल. बोलणं सिंग्लिशमध्ये, शिव्या होक्कियन या चिनी बोलीत आणि कवायतीचे हुकूम मलयमध्ये. भारतीय शाळेतून आलेल्या मुलाच्या उच्चारांची पहिले दोन दिवस थट्टा होते. बहुतेक वेळा ती तिथेच विरते. वर्णावरून कुणी सतत बोलत राहिलं तर सहन करायचं नाही, सार्जंटला सांगायचं, हे मात्र त्याच्या कानावर घालून ठेवा. अशी तक्रार आली की आम्ही ती हसण्यावारी नेत नसू.

हुकूमांवरून आठवलं. सावधानसाठी तिथे ‘सेडिया’ म्हणतात. मूळ संस्कृत ‘साध्य’. सिंगापुरा हे सिंहपूर आहे तेही त्याला माहीत असेलच. पहिल्या कवायतीला मला त्या एका शब्दाने उगाच धीर आला होता, बाकी पाय चुकायचे ते चुकलेच.

पहिल्या दिवसाबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण तो दिवस मुलापेक्षा तुम्हाला जड जाईल. घरच्यांनाही बेटावर नेतात. चांगीच्या बाजूला सैन्याचा फेरी धक्का आहे, तिथून बोट, दहा-पंधरा मिनिटांत पुलाउ तेकोंग. तुम्हाला बंक दाखवतात, कुकहाऊसमध्ये, म्हणजे भोजनगृहात, जेवायला घालतात, मुलं शपथ घेतात. मग निरोपाची वेळ येते आणि ती फार थोडी असते. मी सार्जंट असताना एका माउलीने माझं आडनाव गणवेशावर वाचून मला बाजूला घेतलं, हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवला आणि म्हणाली, ‘ह्याला सकाळी उठल्या उठल्या दूध लागतं हो.’ मागे पंचवीस रिक्रूट उभे. त्यातला एक तिचा. त्या पोराचं तोंड पाहायला हवं होतं. डबा मी अदबीने परत केला. तुम्ही डबा नेऊ नका. मिठी मारा, पाठ फिरवा, बोटीत बसा. केस कापायला नेतात ते तुम्ही गेल्यानंतर. मशीन दीड मिनिटात डोकं तुळतुळीत करतं, मलयमध्ये त्याला ‘बोताक’ म्हणतात, आणि मग आरशात सगळे सारखेच दिसतात. खरं प्रशिक्षण त्या खुर्चीतून उठल्यावर सुरू होतं.

पहिले साधारण दोन आठवडे घरी सोडत नाहीत. रात्री थोडा वेळ फोन मिळतो. त्याने तुम्हाला पाच मिनिटं फोन केला आणि त्यातली चार मिनिटं ‘हं’, ‘हो’ यातच गेली तर घाबरू नका, शेजारी दहा जण ऐकत असतात. पण तो सलग तीन-चार दिवस झोप येत नाही म्हणाला, किंवा बोलणं अगदीच तुटलं, तर त्याला सांगा की प्लाटून सार्जंटशी बोल. समुपदेशनाची सोय आहे आणि ती वापरल्याने कुणाच्या कागदावर काळा डाग पडत नाही. आपल्याकडे ‘एवढं काय त्यात, सगळेच करतात’ म्हणायची फार सवय आहे. त्या दोन आठवड्यांत ते वाक्य गिळून टाका.

आता शरीर. साधा बीएमटी नऊ आठवड्यांचा. पण तो त्यांना मिळतो, ज्यांनी दाखल होण्याआधी आयपीपीटी ही तंदुरुस्तीची चाचणी किमान ६१ गुणांनी पार केली. शंभर गुणांची चाचणी: २.४ किलोमीटर पळण्याला ५०, एका मिनिटातल्या पुश-अपना २५, एका मिनिटातल्या सिट-अपना २५. आमच्या वेळी पुल-अप आणि उभी लांब उडी वगैरे धरून पाच प्रकार होते, आमच्यातले अर्धे पुल-अपच्या दांडीला नुसते लोंबकळत. आता सोपं झालंय. ६१ झाले की एकूण सेवाही दोन महिन्यांपर्यंत कमी होते. नाही झाले तर आधी शरीर घडवण्याचा टप्पा लागतो आणि बीएमटी लांबतो. बारीक मुलाला ही चाचणी अवघड नाही, कारण निम्मे गुण पळण्याचे आणि ओढायला वजन कमी! तारीख आजच घ्या, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

पळायचं कसं? पहिले तीन आठवडे आठवड्यातून तीनदा, पंचवीस मिनिटं, इतकं सावकाश की शेजारच्याशी गप्पा मारता याव्यात. मुलांना हे पटत नाही, ती पहिल्याच दिवशी जीव तोडून पळतात आणि चौथ्या दिवशी नडगी धरून बसतात. चौथ्या आठवड्यापासून एक दिवस ४०० मीटरचे तुकडे, सहा वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटं चालणं. बाकीचे दोन दिवस तसेच सावकाश. पुश-अप रोज, पण एका दमात मरेपर्यंत नाही. दिवसभरात चार-पाच वेळा, दर वेळी जमतील त्याच्या निम्मे. आठव्या आठवड्यात तो स्वतःच चकित होईल. पाठीवर वजन घेऊन चालायचा सराव घरी करू नका, कुठल्यातरी व्हिडिओत पाहून पोरं दप्तरात तांदळाची पोती घालतात आणि कंबर धरतात. ते वजन तिथे पायरीपायरीने चढवतात: ४ किलोमीटरची वाटचाल, मग ८, मग १२, १६ आणि शेवटी २४.

माझी स्वतःची फजिती या वाटचालीतली. १६ किलोमीटरच्या आधी टाचेवर फोड आला होता. दाखवला असता तर पट्टी बांधून मिळाली असती, फार तर एक दिवस हलकं काम. मी दाखवला नाही. वर बडीने सांगितलं होतं तरी जुने विरलेले मोजे घातले. नवव्या किलोमीटरला मोजा ओला वाटला, मला वाटलं घाम. परत येऊन बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला, ओढला तसं कातडंही आलं. दहा दिवस मी स्लिपर घालून फिरत होतो आणि माझ्यामुळे बडीला माझी कामं करावी लागत होती. दोष कुणाचा? शंभर टक्के माझा. तर मोजे चांगले घ्या, चार-पाच जोड जास्त घ्या, आणि पाय रोज रात्री बघायची सवय आत्तापासून लावा. हसू येईल, पण पायदळात पायाची निगा हेच अर्धं शास्त्र आहे.

उष्णतेबद्दल मात्र गंभीरपणे वाचा. इथला उन्हाळा नागपूरसारखा कोरडा नसतो. तापमान बत्तीस-तेहेतीसच, पण हवेत इतकी वाफ की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. २०१८ मध्ये एका जवानाचा उष्माघाताने मृत्यू झाला, त्यानंतर नियम आणखी कडक झाले. हवेतली उष्णता आणि दमटपणा मोजून त्यानुसार काम आणि विश्रांतीची मिनिटं ठरतात, सराव मध्ये थांबवून कोपरापर्यंत हात थंड पाण्यात बुडवायला लावतात, रात्री सात तास झोप द्यावीच लागते. पाणी तर रांगेत उभं करून पाजतात. सगळे बाटली तोंडाला लावतात, रिकामी झाली की डोक्यावर उलटी धरून दाखवायची. म्हणजे यंत्रणा आपलं काम करते. पण तिला एक गोष्ट बाहेरून कधीच दिसत नाही, ती म्हणजे मुलाच्या अंगात आदल्या रात्रीपासून असलेला ताप.

आणि इथे आपलं मराठी घर घात करतं. आपल्याकडे ताप म्हणजे ‘क्रोसिन घे आणि जा’. परीक्षा बुडवायची नाही, नोकरीची रजा वाया घालवायची नाही. मुलगा हे घेऊनच वाढतो. मग वाटचालीच्या आदल्या रात्री कणकण आली की तो गुपचूप गोळी घेतो, कारण वाटचाल बुडाली तर पुन्हा करावी लागेल आणि सगळे कामचुकार म्हणतील. तिकडे त्याला एक खास शब्दही आहे, ‘चाओ केंग’. आजारी नसताना आजाराचं सोंग करणारा. त्या शब्दाला पोरं इतकी भितात की खरोखर आजारी असतानाही गप्प बसतात. तुम्ही आणि त्याच्या बाबांनी, दोघांनी मिळून, त्याला समोर बसवून एक वाक्य सांगा: ताप, जुलाब, चक्कर यांतलं काहीही असलं तर ‘रिपोर्ट सिक’ करायचं, म्हणजे आजारी आहे असं सांगून डॉक्टरला दाखवायचं, मग कुणी काहीही म्हणो. हे आईबाबांच्या तोंडून ऐकलेलं असलं की मुलाला धीर येतो. मी सांगून उपयोग नसतो, मी सार्जंट.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट. दाखल होण्याआधी वैद्यकीय तपासणी होते आणि त्यावरून पीईएस नावाची श्रेणी ठरते, कुणाला पूर्ण प्रशिक्षण, कुणाला हलकं, कुणाला कचेरीचं काम. आईवडील माझ्याकडे दोन उलट हेतूंनी येतात. काहींना श्रेणी खाली आणायची असते, त्यांना मी चहा पाजून परत पाठवतो. काहींना लपवायचं असतं. लहानपणी दमा होता, आता नाही, कशाला लिहायचं? लिहा. फिट्स, दमा, एकदा आलेली चक्कर, शेंगदाण्याची किंवा औषधाची ॲलर्जी, सगळं लिहा, जुने कागद पुण्याहून मागवा. माझ्या एका तुकडीत एकाने दमा लपवला होता. घरच्यांनीच सांगितलं होतं म्हणे, ‘ऑफिसर व्हायचंय ना?’ तिसऱ्या आठवड्यात पळताना त्याचे ओठ निळे पडले. वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं.

जेवणाचं एका परिच्छेदात संपतं. शाकाहारी जेवण मिळतं, आधी नोंदवून ठेवायचं. मैदानात मिळणाऱ्या पाकिटांतही शाकाहारी असतं. चव? पाकिटातल्या चवीबद्दल न बोललेलं बरं, पण खड्डा खणून झाल्यावर थंडगार पाकीटसुद्धा पंगतीच्या वरणभातासारखं लागतं. जेवायला वेळ कमी असतो, तेवढं भराभर खायला शिकवा.

ग्रेनेडची तुम्हाला फार धास्ती दिसते. सगळ्या आयांना असते. खरा ग्रेनेड फेकायच्या आधी खोट्याने इतक्या वेळा घोकून घेतात की हात आपोआप चालतो. खऱ्याच्या वेळी एकेकटा मुलगा भिंतीआडच्या जागेत, शेजारी प्रशिक्षक. सांगतात तेव्हा फेकायचा, सांगतात तेव्हा वाकायचं, छातीत धप्प असा आवाज, झालं. त्यापेक्षा रायफल जास्त छळते. एसएआर २१ तिचं नाव, इथेच बनलेली, चार किलोच्या आसपास. मैदानात ती जेवताना, झोपताना, झाडामागे जाताना हाताच्या अंतरावर हवी. पहाटे पेंगत असताना सार्जंट अलगद उचलून नेतो आणि मग तिचा मालक दुसऱ्या दिवशी काय काय करतो हे मी लिहीत नाही. मी दोन उचलल्यात.

बीएमटीचं खरं पोट म्हणजे फील्ड कॅम्प. पाच-सहा दिवस जंगलात. अंघोळ नाही, घामोळ्यांची पावडर अंगभर चोपडायची, तिलाच अंघोळ म्हणायचं. तोंडाला हिरवा-काळा रंग, तो कानामागे आठवडाभर राहतो. डास, लाल मुंग्या, रानडुकरं. आणि खड्डा. आडवं झोपल्यावर अंग जमिनीच्या पातळीखाली जाईल एवढा खड्डा प्रत्येकाने घडीच्या फावड्याने खणायचा. वरची वीतभर माती लोण्यासारखी निघते, मग मुळं लागतात, त्याखाली तांबडी चिकट माती, ती पात्याला अशी धरते की प्रत्येक घावानंतर बोटांनी खरवडून काढावी लागते. दोन तासांत तळहातावर फोड. संध्याकाळी काम संपत आलं की हमखास आभाळ येतं. रात्री त्या खड्ड्यात घोटाभर पाणी, त्यात तुम्ही, छातीवर रायफल. अशा वेळी शेजारच्या खड्ड्यातून बडी विचारतो, ‘ओये, जागा आहेस का?’ आणि दोघं कुजबुजत घरच्या जेवणाच्या याद्या करतात. त्याची चिकन राइसची, माझी पुरणपोळीची.

याच कॅम्पमध्ये एका संध्याकाळी घरून आलेली पत्रं वाटतात. तुमच्याकडे ते आधी मागतील. मराठीत लिहा. इथल्या शाळेत दुसरी भाषा म्हणून मराठी नसते, आपली मुलं हिंदी घेतात, त्यामुळे देवनागरी वाचता येते पण अक्षर अक्षर लावत. माझ्या दुसऱ्या तुकडीतला एक असाच, टॉर्चच्या लाल उजेडात पत्र धरून बसलेला. मी गस्तीवर जाताना त्याने हळूच विचारलं, ‘सार्जंट, जिवाला जप म्हणजे काय? जप म्हणजे ते देवाचं ना?’ मी त्याला सांगितलं. नीट सांगता आलं की नाही कोण जाणे. ‘टेक केअर’ म्हणालो असतो तर खोटं झालं असतं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आतल्या बाजूला ठेवलं. उपदेश लिहू नका. अभ्यासाचं तर अजिबात नको. घरातली झाडं, कुत्रा असेल तर कुत्रा, आजीचा फोन, असं काहीतरी. अर्धं पान पुरे.

शेवटी २४ किलोमीटर चालून संचलन, टोप्या हवेत उडवतात, तुम्ही फोटो काढता. मग कुणी ऑफिसरच्या शाळेत, कुणी सार्जंटच्या, कुणी सरळ युनिटमध्ये. कोण कुठे जातं याचा नियम बाहेर बसून लावू नका, आणि दुसऱ्या मराठी घरातल्या मुलाशी तुलना तर मुळीच नको. मंडळात हे फार चालतं.

‘दोन वर्षं वाया जातील का’ असंही तुम्ही लिहिलंय. लोक यावर ‘मुलगा पुरुष होऊन येतो’ वगैरे सांगतात. मी नाही सांगणार. वर्गातल्या मुली दोन वर्षं पुढे जातात, भारतातले मित्र तिसऱ्या वर्षाला पोचतात आणि हा इंटिग्रेशन विसरून पहिल्या वर्षाला बसतो. मी ऑगस्ट २००९ मध्ये पहिल्या व्याख्यानाला बसलो तेव्हा फळ्यावरचं साधं डेरिव्हेटिव्ह ओळखू आलं नव्हतं. भरून निघायला एक सेमिस्टर गेलं, एवढंच. सेवेच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत मोकळा वेळ मिळू लागतो, तेव्हा त्याने बारावीचं गणित पुन्हा काढावं. बीएमटीत पुस्तक न्यायचं असेल तर कथा-कादंबरी न्या, मेकॅनिक्स नको. भत्ता मिळतो, रिक्रूटला महिन्याला आठशे डॉलरच्या आसपास, तो त्याच्या खात्यात राहू द्या. आणि दोन वर्षांनी संपत नाही हेही आत्ताच सांगून ठेवतो. पुढे दहा फेऱ्या रिझर्व्हिस्टच्या, सार्जंट-जवानांना चाळिशीपर्यंत, ऑफिसरला पन्नाशीपर्यंत.

पहिल्यांदा सुटी मिळून तो घरी येईल तेव्हा त्या दिवशी पाहुणे बोलावू नका. तो खाईल, अंघोळ करेल, पुन्हा खाईल आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपेल. त्याचे कपडे वॉशिंग मशीनमध्ये तोच लावेल, तुम्ही उठू नका. रविवारी संध्याकाळी बेटावर परतायला पासिर रिसला जायला निघेल तेव्हा चेहरा पडलेला असेल. सगळ्यांचाच असतो, मला रिझर्व्हिस्टला जाताना अजूनही पोटात गोळा येतो.

मी दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला बेडोक रिझर्वॉयरला दोन-तीन मुलांबरोबर धावतो, एक फेरी ४.३ किलोमीटरची. या रविवारपासून त्याला पाठवा. एमआरटीने येऊ दे, पाण्याची बाटली त्याची त्याने भरू दे. तुम्ही येऊ नका.